केएसपीमधलं व्हॅम्पायर हवेत उलटतं, दुरुस्त केलं तरी पुन्हा उलटतं: कारणं आणि उपाय

केएसपी म्हणजे कर्बल स्पेस प्रोग्रॅम या संगणकावरच्या खेळात मी व्हॅम्पायर या जुन्या ब्रिटिश लढाऊ जेटची प्रतिकृती बांधली. लक्षणं आधी सांगतो, म्हणजे तुमची अडचण हीच आहे का ते लगेच कळेल. विमान धावपट्टीवर सरळ धावतं. सत्तरेक मीटर प्रतिसेकंदाचा वेग आला की तुम्ही नाक उचलता आणि ते उचललं जातं, पण मग थांबत नाही. कळ सोडली तरी नाक वरच जातं, विमान शेपटीवर उभं राहतं आणि पाठीवर पडतं. तुम्ही हँगरमध्ये, म्हणजे खेळातल्या विमान बांधण्याच्या जागी, परत येऊन पंख थोडे मागे सरकवता, आता ते नीट उडतं. दहा मिनिटांनी एखादं वळण घेताना पुन्हा तेच. मग पंख आणखी मागे. असं चार वेळा झालं की समोर जे उभं असतं ते उडतं खरं, पण व्हॅम्पायर दिसत नाही.

मी कर्बल स्पेस प्रोग्रॅमची १.१२ आवृत्ती वापरतो आणि सगळे भाग मूळ खेळातलेच आहेत. तुम्ही फेराम हा मॉड (हवेचा हिशेब बदलणारी, बाहेरून घालायची जोड) घातला असेल तर हवेच्या रोधाबद्दल खाली लिहिलेलं तुम्हाला जसंच्या तसं लागू होणार नाही. वजनाबद्दलचं सगळं मात्र लागू होईल.

हे विमान मी निवडलं कारण आपल्या वायुसेनेचं ते पहिलं जेट. १९४८ मध्ये पहिली व्हॅम्पायर भारतात आली आणि नंतर बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये ती परवान्यावर बांधलीही गेली. १ सप्टेंबर १९६५ ला, पाकिस्तानशी युद्धात, जम्मूतल्या छांबवर पाठवली तेव्हा ती जुनी झाली होती, तरी गेली. त्या संध्याकाळी चार परतली नाहीत. अशा विमानाची प्रतिकृती करताना पंख मनाला येईल तिकडे सरकवणं मला पटत नव्हतं, म्हणून कारण शोधत बसलो.

पंखांना हात लावू नका

हँगरमध्ये खाली डावीकडे तीन खुणांची बटणं असतात. पिवळा गोळा म्हणजे वजनाचा मध्य, निळा गोळा म्हणजे लिफ्टचा (पंख विमानाला वर उचलतात त्या बळाचा) मध्य आणि जांभळा म्हणजे इंजिनाच्या जोराची रेषा. निळा गोळा पिवळ्याच्या किंचित मागे हवा, एवढा नियम सगळ्यांना माहीत असतो. निळा पुढे आला तर नाक जितकं वर जाईल तितकं पंख ते आणखी वर ढकलतात आणि विमान उलटतं. इथवर गोंधळ नाही. गोंधळ यानंतर होतो: गोळ्यांचं जमत नाही असं दिसलं की आपण निळा गोळा हलवतो, कारण पंख सरकवणं सोपं असतं. प्रतिकृतीत पंखांची जागा खऱ्या विमानाने ठरवून दिलेली असते. ती बरोबर असेल आणि तरी विमान उलटत असेल, तर चूक पिवळ्या गोळ्यात आहे. खऱ्या विमानात ज्या जागी वजन होतं तिथे तुमच्याकडे नाही, किंवा जिथे नव्हतं तिथे तुम्ही ठेवलं आहे.

म्हणून खऱ्या व्हॅम्पायरमध्ये काय कुठे होतं ते पाहू. त्याला शेपटीचे दोन दांडे का आहेत, हा प्रश्न इथेच सुटतो. त्यात बसवलेल्या, फ्रँक हॅलफर्डने आखलेल्या गॉब्लिन इंजिनाचा जोर आजच्या मानाने फारच कमी, सुरुवातीला जेमतेम १२०० किलोग्रॅमच्या आसपास. लांबलचक नळीतून झोत बाहेर काढला असता तर त्यातला काही जोर वाटेतच गेला असता. म्हणून इंजिन पायलटच्या पाठीशी ठेवलं, नळी आखूड ठेवली आणि शेपूट दोन बाजूंच्या पोकळ धातूच्या दांड्यांवर मागे नेली. पुढचा अंड्यासारखा भाग प्लायवूड आणि बाल्साच्या थरांचा, त्याच काळातल्या मॉस्किटो या लाकडी विमानासारखाच. नाकात, पायलटच्या पायांखाली, २० मिलिमीटरच्या चार हिस्पानो तोफा आणि त्यांचा दारूगोळा. म्हणजे इंजिन आणि इंधन विमानाच्या मध्यावर, पुढे तोफांचं वजन, मागे जवळजवळ काही नाही. २० सप्टेंबर १९४३ ला हॅटफील्डहून ते पहिल्यांदा उडालं तेव्हापासून रचना हीच.

आता आपलं विमान याच्याशी ताडून पाहा. माझ्या विमानात तीन ठिकाणी वजन चुकलं होतं.

दांड्यांतलं इंधन

हे सर्वात मोठं कारण निघालं, आणि सर्वात सहज निसटणारंही. दांड्यांसाठी बहुतेक जण एमके-० लिक्विड फ्युएल फ्युजलाज वापरतात, कारण जाडी अगदी योग्य दिसते. पण ती टाकी आहे. एकेकीत ५० युनिट इंधन असतं आणि एक युनिट ५ किलोचं. माझ्या प्रत्येक दांड्यात तीन, म्हणजे एकूण सहा टाक्या होत्या. दीड टन इंधन मी शेपटीकडे लटकवलं होतं, आणि तेही पाच-सहा टनांच्या विमानाला. खऱ्या दांड्यांत इंधन नव्हतंच.

प्रत्येक टाकीवर उजवी टिचकी मारा आणि इंधनाची पट्टी शून्यावर आणा. सममितीत बसवली असेल तर दुसऱ्या बाजूची आपोआप रिकामी होते, तरी दोन्हीकडे खात्री करून घ्या. पिवळा गोळा डोळ्यांदेखत पुढे येईल. माझा अर्ध्या मीटरहून जास्त सरकला.

हेच इंधन तुम्ही उडताना हाताने पुढच्या टाकीत ओतत असाल, तर ते तात्पुरतं मलम आहे. दांडे रिकामेच ठेवा.

इंजिन

दुसरं कारण खेळातलं व्हीस्ली इंजिन. ते दिसायला गॉब्लिनसारखं गुबगुबीत, म्हणून हात तिकडेच जातो. पण त्याचं वजन १.५ टन. गॉब्लिन सुमारे ७०० किलोचं होतं. म्हणजे खऱ्यापेक्षा आठशे किलो जास्त, आणि तेही टाकीच्या मागे. जोराचं तर विचारूच नका: व्हीस्लीचा १२० किलोन्यूटन, एफबी-६ या व्हॅम्पायरच्या नंतरच्या प्रकारावर बसवलेल्या गॉब्लिनचा पंधराच्या आसपास.

दहा मिनिटांनी पुन्हा उलटण्याचं मूळही इथेच आहे. कॉकपिट, मग टाकी, मग व्हीस्ली अशी रांग असेल तर टाकी भरलेली असताना तिचे दोन टन इंजिनाला तोलून धरतात. इंधन जळत गेलं की पुढचं वजन कमी होतं, इंजिनाचं तेवढंच राहतं आणि पिवळा गोळा हळूहळू मागे येतो. उड्डाणाच्या वेळी निळा त्याच्या मागे होता, आता पुढे झाला. तुम्ही काहीच बदललेलं नसतं, म्हणून हे चक्रावून टाकतं.

मी व्हीस्ली काढून जुनो हे खेळातलं छोटं इंजिन बसवलं. वजन २५० किलो, जोर २० किलोन्यूटन. थ्रस्ट लिमिटर (इंजिनाच्या जोराची मर्यादा) ७५ टक्क्यांवर आणला की १५ किलोन्यूटन, म्हणजे खऱ्या गॉब्लिनइतकाच. ते बारीक आहे, त्यामुळे मोठ्या व्यासाच्या टाकीला थेट जोडलं तर टाकीची मागची सपाट कड उघडी राहते आणि हवेचा रोध बराच वाढतो. मध्ये निमुळता होत जाणारा जोडभाग घाला. तसंही व्हॅम्पायरची मागची बाजू निमुळतीच होती, त्यामुळे दिसायलाही ते बरोबर बसतं.

या बदलानंतर विमान रडतखडत वेग घेतं. धावपट्टी बरीच खर्ची पडते. मला ते आवडलं, कारण पहिल्या पिढीची जेट अशीच वेग घेत. तुम्हाला नको असेल तर लिमिटर सोडून द्या, तोलाला धक्का लागत नाही.

नाकातलं वजन, आणि इथे मी केलेली चूक

तोफांऐवजी वजन म्हणून ओअर, म्हणजे खेळातलं खनिज, वापरा. खनिजाची छोटी, बाजूला चिकटणारी टाकी घ्या. तिच्यात ७५ युनिट मावतात आणि एक युनिट १० किलोचं, त्यामुळे हिशेब तोंडी होतो. हँगरमध्ये ती रिकामी येते, पट्टी सरकवून हवं तेवढं भरायचं. कॉकपिटच्या पोटाला चिकटवा आणि ऑफसेटच्या (भाग जागेवरून सरकवण्याच्या) साधनाने आत ढकला. बाहेरून दिसणार नाही. आत ढकललं तरी मूळ खेळ तिचा रोध मोजतोच, पण तो इतका थोडा असतो की मी सोडून दिला.

मी उत्साहात एकाच वेळी तीनही बदल केले: दांडे रिकामे, जुनो, आणि नाकात ३० युनिट म्हणजे ३०० किलो ओअर. विमान धावपट्टी संपेपर्यंत नाक उचलेना आणि थेट समुद्रात गेलं. कागदावर मांडल्यावर कारण दिसलं. जुनो गॉब्लिनपेक्षा साडेचारशे किलोंनी हलकं आहे. व्हीस्लीमुळे मागे वजन जास्त होतं, जुनोमुळे ते कमी पडलं. शिवाय खेळातलं एमके-१ कॉकपिट स्वतःच सव्वा टनाचं. पुढे आणखी वजन घालून मी पिवळा गोळा पार नाकाकडे नेला होता.

उपाय दुसरी ओअरची टाकी. ती जुनोच्या अंगाला, जोडभागाच्या आत, ४५ युनिट भरून. म्हणजे इंजिनाचं राहिलेलं वजन परत आलं. नाकातले ३० तसेच ठेवले. आता भरलेल्या टाकीसह विमान पावणेसहा टनांच्या आसपास येतं. खरं एफबी-६ भरलेल्या अवस्थेत सुमारे ५.६ टनांचं होतं. हे जुळल्यावर जो आनंद झाला तो मी लपवणार नाही. पंख खऱ्या जागी नेले आणि निळा गोळा पिवळ्याच्या किंचित मागे येऊन बसला.

तुमची टाकी, पंख आणि लांबी माझ्यापेक्षा वेगळी असेल, तर आकडे तसेच्या तसे उचलू नका. आधी दांडे रिकामे करा, मग इंजिन बदला, मग मागे वजन, शेवटी पुढे. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर गोळे पाहा.

रिकाम्या टाकीची परीक्षा

ही एक सवय लावून घेतली तर पुन्हा पुन्हा उलटण्याचा त्रास कायमचा जातो. हँगरमध्येच सगळ्या टाक्यांची पट्टी पूर्ण भरलेली ठेवा, पिवळा गोळा कुठे आहे ते पाहा. मग सगळ्या अर्ध्या करा, मग शून्य. तिन्ही अवस्थांत तो निळ्याच्या पुढेच राहायला हवा. माझ्या आताच्या बांधणीत मुख्य टाकी बरोबर पिवळ्या गोळ्यावर आली आहे, त्यामुळे ती पूर्ण रिकामी केली तरी गोळा तळहाताएवढाही हलत नाही. परीक्षा झाली की टाक्या पुन्हा भरायला विसरू नका.

निळ्या गोळ्यावरही डोळे झाकून विश्वास ठेवू नका. एक तर तो पंखांची लिफ्ट दाखवतो, फुगीर नाकाला आणि हवा घेणाऱ्या तोंडांना होणारा रोध त्यात धरलेला नसतो. व्हॅम्पायरचं नाक मोठं, हवेची तोंडं पंखांच्या मुळाशी. जेवढा रोध पिवळ्या गोळ्याच्या पुढे, तेवढी उलटण्याची ओढ जास्त. दुसरं म्हणजे तो एका ठरावीक कोनासाठी हिशेब करतो. मी दिसायला बरं म्हणून मुख्य पंख दोन अंश वर कलते केले होते आणि शेपटीचा आडवा पंख सपाट. तेव्हा गोळ्याची जागा फसवी निघाली. यावर एक युक्ती आहे: फिरवण्याच्या साधनाने अख्खं विमान कॉकपिटपासून पाच अंश वर, मग दहा अंश वर करून पाहा आणि निळा गोळा कुठे सरकतो ते बघा. पुढे पळाला तर हवेत काय होणार ते तुम्हाला उड्डाण न करताच कळलं.

उडताना एफ-१२ दाबलं की प्रत्येक भागावरच्या बळांच्या रेषा दिसतात. लाल रेषा रोधाच्या. शंभर मीटर प्रतिसेकंदाला सॅस (विमान आपोआप स्थिर ठेवणारी खेळातली यंत्रणा) बंद करा, नाक थोडं उचलून कळ सोडा. नाक आपणहून खाली आलं पाहिजे. इथे सॅस बंद असणं महत्त्वाचं आहे, कारण चालू असताना सॅस वाईट तोलही बराच वेळ झाकून नेतं.

शेपूट हलते, विमान माशासारखं वळवळतं

तोल जमल्यावर ही दुसरी तक्रार वर येते. तिचं कारण विमानात नाही, खेळात भाग एकमेकांना कसे जोडले जातात त्यात आहे. खऱ्या व्हॅम्पायरमध्ये दोन दांडे पुढे पंखाला आणि मागे शेपटीच्या आडव्या पंखाला जोडलेले, म्हणजे चारी बाजू बंद असलेली चौकट. केएसपीत मात्र भागांची रचना झाडासारखी असते. एका भागाला एकच पालक. शेपटीचा आडवा पंख डाव्या दांड्याला जोडलात तर तो उजव्या दांड्याला नुसता टेकलेला दिसतो, जोडलेला नसतो. चौकट बंद होत नाही आणि दोन दांडे आपापल्या तालात डुलतात. सॅस ते डुलणं दुरुस्त करायला एलेव्हेटर (शेपटीच्या आडव्या पंखाची हलणारी पट्टी) हलवतं, त्याने दांडे आणखी डुलतात.

आडवा पंख अखंड न लावता सममितीने अर्धा-अर्धा लावा, मध्ये दोन्ही तुकडे भिडू द्या. मग एका दांड्याच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंत ईएएस-४ स्ट्रट, म्हणजे दोन भागांना बांधणारी बारीक काठी, टाका. झाडाच्या रचनेत वर्तुळ पुरं करण्याचा हा सोपा मार्ग आहे. तो आडव्या पंखाच्या जाडीतून नेला तर दिसत नाही. याशिवाय सेटिंगमध्ये ॲडव्हान्स्ड ट्वीकेबल्स (भागांचे जादा पर्याय) चालू करून दांड्यांना ऑटोस्ट्रट, म्हणजे न दिसणारी आपोआप बांधणी, द्या, पण ‘हेविएस्ट पार्ट’ हा पर्याय नको. इंधन जळत गेलं की सर्वात जड भाग कोणता ते बदलू शकतं आणि ताण भलतीकडे जातो. ‘रूट पार्ट’ किंवा ‘ग्रँडपॅरेंट पार्ट’ निवडा.

मग नियंत्रणं. खेळात प्रत्येक हलणारी पट्टी सुरुवातीला तिन्ही कामं करायला बघते. एलेव्हेटरला फक्त पिच (नाक वर-खाली) ठेवा, दोन्ही उभ्या पंखांना फक्त यॉ (नाक डावी-उजवीकडे), मुख्य पंखाच्या टोकांना फक्त रोल (विमान कुशीवर कलणं). एलेव्हेटरचा ऑथॉरिटी लिमिटर (पट्टी किती हलावी याची मर्यादा) मी चाळीसवर आणला आहे. व्हॅम्पायरचा एलेव्हेटर दोन दांड्यांच्या मध्ये चांगला रुंद असतो, पूर्ण जोराने हलवला तर विमानाचा तोल बरोबर असूनही ते उलटवता येतं. तेव्हा हे तपासल्याशिवाय पुन्हा पिवळ्या गोळ्याला दोष देऊ नका.

धावपट्टीवर एका बाजूला ओढतं

हे लवकर सुटतं. मुख्य चाकं पंखाला लावली की पंखाच्या कलाप्रमाणे तिरकी बसतात. फिरवण्याचं साधन घ्या, एफ दाबून ते विमानाच्या नव्हे तर हँगरच्या अक्षांवर आणा आणि चाकं अगदी उभी करा. स्टिअरिंग फक्त नाकाच्या चाकाला, ब्रेक फक्त मागच्या दोघांना. मुख्य चाकं पिवळ्या गोळ्याच्या जरासंच मागे हवीत. फार मागे गेली तर वर सांगितलं तसं नाक उचलत नाही आणि आपण उगाच नाकातलं वजन काढत बसतो. व्हॅम्पायर जमिनीला अगदी जवळ बसतं, म्हणून नाक उचलताना दांड्यांची टोकं घासतात का तेही हँगरमध्ये विमान कलतं करून पाहून घ्या. माझ्या विमानाचे दांडे बारा अंशांना टेकतात, त्यामुळे मी दहाच्या वर जात नाही.

शेवटी पंखाखालच्या जादा टाक्यांबद्दल, कारण सगळं जमल्यावर लांब उडायला त्या लावाव्याशा वाटतातच. खऱ्या व्हॅम्पायरलाही त्या लावत. एमके-० टाकी, वर छोटा डीकपलर (टाकी सोडून देणारा जोड), आणि जागा बरोबर पिवळ्या गोळ्याच्या रेषेत. लावल्यावर रिकाम्या टाकीची परीक्षा पुन्हा करा, या वेळी चार अवस्थांत: सगळं भरलेलं, बाहेरच्या रिकाम्या, बाहेरच्या काढून टाकलेल्या, आणि आतलीही रिकामी. ॲडव्हान्स्ड ट्वीकेबल्स चालू असतील तर टाकीवर इंधनाचा अग्रक्रम दिसतो. बाहेरच्यांचा आकडा वाढवा म्हणजे आधी त्या संपतील. टाक्या सोडताना पंख सपाट ठेवा आणि नाक उचललेलं नको, नाहीतर सुटलेली टाकी मागे जाऊन दांड्यावर आपटते.